मालवणचा समुद्र आणि मी लिहिलेलं ‘नाही’

दर हिवाळ्यात एक जंगल, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. ताडोबा, कान्हा, गीर, काझीरंगा, बंदीपूर. तुमच्यातले बरेच जण या ब्लॉगवर येतात ते त्यासाठीच. बुकिंग कधी उघडतं, कुठल्या गेटने आत शिरायचं, जिप्सीत कुठल्या बाजूला बसायचं, थंडीत किती कपडे न्यायचे. मी जामसंड्याला शाळेत शिकवते. वेळापत्रक आखणं अंगात मुरलेलं आहे, त्यामुळे सहा महिने आधीपासून माझी वही तयार असते.

गेल्या वर्षी मात्र ती वही कोरीच राहिली. सुहास, म्हणजे माझा नवरा, ओरोसच्या एका सरकारी कार्यालयात आहे. सोमवार ते शुक्रवार तिकडेच क्वार्टरमध्ये राहतो आणि शनिवारी घरी येतो. त्याची डिसेंबरची रजा ऐनवेळी रद्द झाली. हातात उरले एका शनिवार-रविवारला सोमवार जोडून मिळालेले तीन दिवस. मी चिडले होते. तोच म्हणाला, “इतक्या लांब जाऊन वाघ बघतस, आणि घराकडचो दर्या कधी बघलंस गो? मालवणाक जाऊया. तां पण अभयारण्यच आसा.”

खरं होतं ते. मालवणचा समुद्र, किल्ल्याभोवतीचे खडक, त्यांवरची प्रवाळं हे सगळं सागरी अभयारण्य आहे. आमच्या दारापासून दीड तासावर. आणि मी ते पाण्याखालून कधी पाहिलं नव्हतं.

या सहलीत आमच्या होडीतला एक माणूस गेला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना फक्त माहिती हवी आहे त्यांनी इथेच थांबावं. गेले कित्येक महिने ब्लॉग बंद का, असं विचारणाऱ्या प्रतिक्रिया आल्या. त्यांना मी उत्तर दिलं नाही. हे त्याचं उत्तर.

शनिवार

सुहास या वेळी शुक्रवारी रात्रीच आला होता. सकाळी साडेसहाला निघालो. जामसंडे, कुणकेश्वर, मिठबाव, मुणगे, आचरा आणि मग मालवण असा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा रस्ता घ्या. हायवेने गेलात तर वेळ फारसा वाचत नाही आणि समुद्र मात्र हुकतो. रस्ता अरुंद आहे, वळणं आंधळी आहेत, आणि गावातल्या कोंबड्यांना हॉर्नची भीती वाटत नाही. आचऱ्याला थांबून उसळ-पाव खाल्ला. हॉटेलवाले आजोबा चहा ओतता ओतता विचारू लागले.

“खंय चललास?”

“मालवणाक. पाण्यात उतरून मासे बघूक,” सुहास म्हणाला.

“मासे ताटात बघूचे, बाबा,” आजोबा म्हणाले, आणि आम्ही तिघेही हसलो.

मालवणला दांडी किनाऱ्याच्या बाजूला घरगुती निवास घेतला होता. खोली साधी, स्वच्छ, दरात सकाळचा नाश्ता धरलेला. हंगामात शनिवार-रविवारचं आधी फोन करूनच जा. घरमालकीण रेखावहिनी. त्यांच्या पडवीतच दिगंबरराव आणि शकुंतलाताई पहिल्यांदा भेटले.

वाशीम जिल्ह्यातले, कारंज्याजवळच्या एका गावचे. दिगंबरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ठेंगणे, काळेसावळे, डोक्यावर पांढरी टोपी. समोर दिसेल त्या गोष्टीबद्दल प्रश्न विचारणारे. मुलगा नागपूरला नोकरीला. त्यानेच आई-वडिलांना गाडीत बसवून दिलं होतं, आधी कोल्हापूर, मग मालवण. समुद्र दोघांनीही आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता. शकुंतलाताईंना तो फारसा आवडलेला दिसला नाही. “आवाजच बंद होत नाही जी त्याचा,” त्या म्हणाल्या.

दुपारी किल्ल्यावर आम्ही चौघं एकाच होडीतून गेलो. तटावर चढणाऱ्या पायऱ्यांपैकी अर्ध्या चढल्यावर दिगंबरराव थांबले आणि दगडावर बसले. छातीवर तळहात चोळत होते. कपाळावर घाम. मी पाण्याची बाटली पुढे केली.

“गॅस झाला,” ते म्हणाले. “मासोळी खाल्ली ना. सवय नाही आपल्याले.”

पाच मिनिटांत उठून ते पुन्हा प्रश्न विचारायला लागले. मीही ते विसरले. खरं सांगायचं तर विसरले नव्हते, मनातल्या मनात बाजूला सारलं होतं. किल्ल्यावर चढताना पन्नाशीनंतर कोण दमत नाही?

संध्याकाळी जेवताना रेखावहिनींनी त्यांना बांगड्याचा काटा कसा काढायचा ते दाखवलं. मी माझ्या जंगलांच्या गोष्टी सांगत होते. शाळेत वर्ग असतो तसा माझा आवाज अशा वेळी जरा चढतो. दिगंबरराव हात वाळेपर्यंत ऐकत राहिले.

“मंग हे पाण्यातलं जंगल कसं असते?” त्यांनी विचारलं.

“उद्या आम्ही जातोय. चला की आमच्याबरोबर.”

शकुंतलाताई लगेच म्हणाल्या, “त्याइले पोहता येत नाही.”

“पोहता यायची गरजच नसते,” मी म्हणाले. “लाइफ जॅकेट असतं, गाइड असतो. बुडायचा प्रश्नच नाही.”

मी तोवर एकदाही स्नॉर्कलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याखाली बघणं, केलेलं नव्हतं. जे सांगत होते ते दोन-चार व्हिडिओ पाहून. पण इतकी वर्षं लोक मला विचारतात आणि मी सांगते, त्याची सवय झालेली होती.

रविवार

स्नॉर्कलिंगला सकाळीच जा. वारा उठला की तळ ढवळतो आणि काही दिसत नाही. आम्ही साडेआठला बंदरावर होतो. आम्ही गेलो तेव्हा माणशी सातशे रुपये घेत होते, होडी धरून. आमचा गाइड होता गुरुनाथ, चाळिशी ओलांडलेला, उन्हाने रापलेला, बोलायला कमी. होडी त्याच्या भावाची. भाऊ सुकाणूवर आणि गुरुनाथ पाण्यात, अशी त्यांची वाटणी.

निघण्याआधी एक छापील अर्ज भरायचा असतो. नाव, वय, पत्ता, घरच्यांचा फोन नंबर आणि खाली चार प्रश्न. रक्तदाब आहे का? हृदयविकार? दमा? फिट येतात का? मी आमचे दोन भरले. दिगंबररावांचा चष्मा खोलीवर राहिला होता. शकुंतलाताई जॅकेट घालून घ्यायला पलीकडे गेल्या होत्या.

“तुम्हीच भरा, मॅडम,” ते म्हणाले. “तुमचं अक्षर बी चांगलं असंल.”

नाव, वय, पत्ता लिहिला. मग विचारलं, “रक्तदाबाचा त्रास?”

त्यांनी एकदा बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे झुकले. “गोळी चालू आहे. पण ते लिहू नका. लिहिलं तर नेत नाहीत म्हणते तो गाइड. एवढ्या दूर आलो आपण.”

गुरुनाथ दहा पावलांवर दोरी गुंडाळत होता. मी त्याला हाक मारू शकले असते. दिगंबरराव माझ्याकडे पाहत होते. माझ्या वर्गातली मुलं सहलीच्या आदल्या दिवशी पाहतात ना, अगदी तसे. मी चारही प्रश्नांपुढे ‘नाही’ लिहिलं. सुवाच्य अक्षरात. त्यांनी खाली सही केली.

किल्ल्याच्या मागच्या अंगाला खडकांपाशी होडी नांगरली. आधी मी आणि दिगंबरराव उतरलो. गुरुनाथने आम्हाला हवा भरलेली एक मोठी ट्यूब धरायला दिली. तिची दोरी होडीला बांधलेली. तोंडात नळी धरून श्वास कसा घ्यायचा ते त्याने तीन-तीनदा करून दाखवलं. पहिली पाच मिनिटं माझी श्वास जमवण्यातच गेली. दिगंबररावांना माझ्याआधी जमलं. डोकं वर काढून नळी बाजूला करत ते ओरडले, “अहो, इथं तर सगळंच चालू आहे!”

वीसेक मिनिटांनी मी वर आले. आता सुहासची पाळी होती. गुरुनाथने दिगंबररावांना विचारलं, “काका, वर येतास?” त्यांनी डोकं वर न काढताच हाताने ‘अजून थोडा वेळ’ अशी खूण केली. गुरुनाथ त्यांना ट्यूबपाशी ठेवून सुहासला उतरवायला होडीच्या दुसऱ्या बाजूला गेला. सुहासचा मास्क गळत होता. दोनदा काढून तो पुन्हा बसवावा लागला.

मी अंगाला टॉवेल गुंडाळून शकुंतलाताईंच्या शेजारी बसले होते. दिगंबरराव ट्यूबवर एक हात टाकून पालथे तरंगत होते. चेहरा पाण्यात, नळी वर, केशरी जॅकेट. मी मोबाइल काढून त्यांचा फोटो घेतला आणि ताईंना दाखवला.

“बघा, किती रमलेत.”

त्यांनी फोटोकडे पाहिलं नाही. पाण्याकडे पाहत म्हणाल्या, “लय वेळ झाला. श्वास कसा घेत असतील?”

“नळी आहे ना वर. त्यातनं घेतात.”

किती वेळ गेला? नंतर पोलिसांनीही विचारलं. तीन मिनिटं, फार तर चार. सुहासचा मास्क बसला आणि गुरुनाथ वळून आला. “काका, ह्या बाजूक येवा, हय निळे मासे आसत,” असं म्हणत त्याने त्यांच्या दंडाला हात लावला. हात ट्यूबवरून निसटून पाण्यात पडला. गुरुनाथने त्यांना उताणं केलं.

तो चेहरा मी इथे लिहिणार नाही.

दोघा भावांनी त्यांना वर ओढलं. गुरुनाथने होडीच्या फळीवर त्यांची छाती दाबायला सुरुवात केली. बंदर येईपर्यंत तो थांबला नाही. ओल्या हाफपँटीत, गुडघे फळीवर घासून रक्त येत होतं तरी मोजत होता, मोठ्याने, तीसपर्यंत, मग तोंडाने श्वास, मग पुन्हा एकपासून. शकुंतलाताई दिगंबररावांचा पाय धरून बसल्या होत्या. बंदरावर रिक्षा, रिक्षातून सरकारी रुग्णालय. तिथल्या डॉक्टर बाईंनीही अर्धा तास प्रयत्न केले. मग हातमोजे काढून त्या बाहेर आल्या आणि सगळ्यांत आधी शकुंतलाताईंना हाताला धरून बाकावर बसवलं.

यापुढचे दोन दिवस मी त्या बाकावर आणि पोलीस ठाण्यात काढले. अशा वेळी काय काय होतं हे कुठल्याही प्रवासाच्या वहीत नसतं, म्हणून लिहिते. आकस्मिक मृत्यूची नोंद होते. पंचनामा होतो. होडीतल्या प्रत्येकाचा जबाब घेतात. रविवारी शवविच्छेदन झालं नाही, ते सोमवारी सकाळवर गेलं. होडी जप्त झाली. गुरुनाथला ठाण्यात बसवून ठेवलं. दुपारचे बारा वाजून गेले तरी तो त्याच ओल्या कपड्यांत होता. कुणीतरी त्याला लुंगी आणून दिली.

माझा जबाब हवालदारांनी लिहून घेतला. काय पाहिलंत? कधी उतरलात? गाइड कुठे होता? विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं मी खरं उत्तर दिलं. अर्ज त्यांच्या टेबलावरच पडलेला होता. “ह्यात तर नाही नाही नाही लिहिलंय,” ते स्वतःशीच म्हणाले. “निरोगी माणूस दिसतो.” हे अक्षर कुणाचं, असं त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर सुहासला अर्जाचं सगळं सांगितलं. त्याने गाडीची किल्ली खिशात परत ठेवली. मग म्हणाला, “तुया सांगूक होयां होतां.”

“विचारल्यानी नाय.”

“म्हणान?”

शकुंतलाताईंनी नागपूरला मुलाला फोन केला तेव्हा मी शेजारीच होते. तो मोटार करून निघाला. पण इतक्या लांबून यायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारच होणार. ती संध्याकाळ शकुंतलाताई पडवीत भिंतीला टेकून बसून होत्या. रेखावहिनींनी पेज करून आणली. दोन घोट घेऊन त्यांनी वाटी खाली ठेवली. एकदाच बोलल्या. “सकाळची गोळी देली नव्हती मी. रिकाम्या पोटी मळमळते म्हणत होते. म्हटलं, आल्यावर देऊ.”

सोमवार

सकाळी नऊच्या सुमारास आम्ही पुन्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात होतो. सुहासने कार्यालयात कळवून मंगळवारचीही रजा मागून घेतली होती. आत काम चालू होतं. मी ठरवून आले होते. शकुंतलाताईंच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. अर्ज मी भरला. ते मला गोळीबद्दल म्हणाले होते. तरी मी ‘नाही’ लिहिलं. किल्ल्यावर ते छाती चोळत होते, तेही मी पाहिलं होतं. मी पोलिसांना सांगणार आहे.

त्यांनी ऐकून घेतलं. पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या, सोडत होत्या.

“मले माहीत होतं ना,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षांपासून गोळी आहे. छातीत बी दुखे अधूनमधून. पोराले सांगू नको म्हणत, तो नोकरी सोडून धावत येईल. मंग मी बी नाही सांगितलं.” मग माझ्या मनगटाला धरून म्हणाल्या, “तुम्ही सांगू नका, ताई. पोरगा म्हणंल, आई, तुले माहीत होतं अन् तू जाऊ देलं. माणूस तर गेलाच. पोरगा तरी राहू द्या मले.”

मी काहीच बोलले नाही. त्यांना वाटलं असेल, मी कबूल झाले. मलाही तसंच वाटत होतं. गेलेला माणूस काही परत येणार नव्हता. एका म्हातारीने हात धरून मागितलेली ती एवढीशी गोष्ट होती.

मुलगा निखिल दीडच्या सुमारास पोहोचला. तिशीचा, चष्मा, रात्रभर बसल्याने चुरगळलेला शर्ट. आधी आत जाऊन वडिलांना पाहून आला. मग कागदांसाठी आम्ही सगळे ठाण्यात गेलो. गुरुनाथ तिथेच होता. रात्री सोडलं होतं, सकाळी पुन्हा बोलावलेलं. त्याची बायको दाराशी डबा घेऊन उभी. हाच तो गाइड हे कळल्यावर निखिल सरळ त्याच्याकडे गेला आणि त्याची कॉलर धरली.

“पोहता येत नसलेल्या माणसाला एकटं सोडलंस तू!”

गुरुनाथने हात सोडवून घेतला नाही. “व्हय,” तो म्हणाला, “सोडलंय. तीन मिन्टां.”

“काहीही झालेलं नव्हतं माझ्या वडिलांना! ठणठणीत होते! मी केस करीन. तुझा धंदा बंद करीन.”

हवालदारांनी मध्ये पडून दोघांना वेगळं केलं. निखिल म्हणत होता ते खोटं नव्हतं. गुरुनाथने त्यांना एकटं सोडलं होतं. पण ‘काहीही झालेलं नव्हतं’ हे वाक्य माझ्या अक्षरात त्या टेबलावर पडलेलं होतं. डबा धरलेली त्याची बायको दारातून आत आली होती. शकुंतलाताई माझ्याकडे पाहत होत्या.

मी हवालदारांना म्हणाले, “मला पुरवणी जबाब द्यायचा आहे.”

जबाब मी स्वतःच लिहिला. पाऊण पान झालं. त्यांनी तो वाचला, मग मोठ्याने पुन्हा वाचला, कारण नियमच तसा असावा. खोलीत सगळे होते. गोळीचं वाक्य आलं तेव्हा निखिल आईकडे वळला.

“आई? तुला माहीत होतं?”

त्या जमिनीकडे पाहत होत्या. “होये,” म्हणाल्या.

निखिल खुर्चीत बसला. चष्मा काढून शर्टाला पुसत राहिला. आईजवळ गेला नाही.

निघताना ठाण्याच्या पायऱ्यांवर गुरुनाथ माझ्यासमोर आला. मला वाटलं, आभार मानेल. मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात मी त्याचीच वाट पाहत होते. तो हळू आवाजात म्हणाला, “ह्यां काल सकाळी सांगूक होयां होतां, बाई. मगे तेंका पाण्यात उतरवचो प्रश्नच नाय होतो. होडयेत बसान काचेच्या तळाच्या डब्यातसून दाखयलंय असतंय. तां पण दिसतां.”

मी मान हलवली.

चार वाजता रुग्णवाहिका निघाली. निखिल पुढे ड्रायव्हरजवळ बसला, शकुंतलाताई मागे. मी त्यांची पिशवी आत ठेवली. तिच्यात दिगंबररावांची टोपी आणि चष्मा होता, खोलीवरून रेखावहिनींनी आणून दिलेला. मी “ताई” म्हणाले. त्यांनी दुसरीकडे पाहिलं. दार लागलं. मालवण ते कारंजा, रात्र आणि दुसरा अर्धा दिवस.

आम्हीही त्याच संध्याकाळी निघालो. येताना हायवेने आलो.

जामसंडे

पुढे काय झालं ते थोडक्यात. शवविच्छेदनात हृदयविकार निघाला, जुना, वाढलेला. फुफ्फुसात पाणी फार नव्हतं. गुरुनाथवर गुन्हा दाखल झाला नाही. पण होडी परत मिळेपर्यंत त्यांचा ऐन हंगामाचा मोठा भाग वाया गेला. रेखावहिनी फोनवर म्हणाल्या की तो आता पाण्यात उतरत नाही. किल्ल्यापर्यंत माणसं पोहोचवतो आणि परत आणतो, एवढंच. निखिलने मला एकदा फोन केला होता. “तुम्ही खरं बोललात ते बरोबरच केलंत,” तो म्हणाला, “पण एक दिवस उशिरा बोललात आणि सगळ्यांसमोर बोललात.” दोन्ही खरं आहे. मी हवालदारांना बाजूला घेऊन सांगू शकले असते. त्या वेळी ते सुचलंच नाही.

तुमच्यातल्या कुणाला मालवणला जायचं असेल तर जरूर जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळच्या वेळी. अर्ज स्वतः भरा आणि खरा भरा. गोळी चालू असेल तर तसं लिहा. काचेच्या तळाच्या डब्यातून होडीत बसूनही बरंच दिसतं, ते मागा, त्यात कमीपणा नाही. एका गाइडमागे एकच माणूस पाण्यात, असा आग्रह धरा, जास्त पैसे पडले तरी. पालथा तरंगणारा माणूस रमलेला आहे की नाही, हे लांबून कळत नाही. त्याला हात लावून विचारा. आणि दुसऱ्याला पाण्यात उतरायला सांगताना, आपल्याला त्यातलं किती कळतं तेही त्याला सांगा. मी इतकी वर्षं तुम्हाला काय काय सांगत आले, त्यातलं किती माहितीतलं होतं आणि किती नुसतं आवाजातलं, हे मी अजून तपासते आहे. जुन्या तीन पोस्ट काढून टाकल्या आहेत.

शाळेच्या सहलीची जबाबदारी या वर्षी मी घेतली नाही. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं, मी सांगितलं, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सुहास अजूनही शनिवारी येतो आणि आम्ही संध्याकाळी चालायला जातो, पण किनाऱ्याच्या बाजूला नाही. कुणी तसं ठरवलेलं नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

“मॅडम, मी शकुंतला बोलते. कारंज्याकडून.”

मी उभीच राहिले. कशा आहात असं विचारलं. त्या बऱ्या होत्या. निखिल गणपतीला येऊन गेला होता, दोन दिवस राहिला. जास्त बोलत नाही, पण येऊन गेला. मग त्या थांबल्या. मला वाटलं, आता बोलतील, इतके दिवस साचलेलं सगळं. मी ऐकायची तयारी करून भिंतीला टेकले.

“एक विचारायचं होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही त्याइच्या संगं खाली होत्या ना थोडा वेळ?”

“होते. वीस मिनिटं.”

“काय दिसते तिथं? त्याइनं काय पाह्यलं असंल?”

कितीतरी लोकांना मी कितीतरी जंगलं सांगितली आहेत. शब्द माझ्याकडे भरपूर असतात. सुंदर काहीतरी सांगावं असं तोंडावर आलंही होतं. पण त्या बाईला आता खोटं सांगायचं नव्हतं.

मी सांगितलं, पाणी जरा गढूळ होतं. दोन पुरुष खोल असेल, तळ धूसर दिसत होता. खडकांवर प्रवाळं होती, बरीचशी मेलेली, पांढरी पडलेली, जुन्या हाडांसारखी. काही जिवंत, तपकिरी, मेंदूसारख्या वळ्या असलेली. एका खडकाला तुटलेलं जाळं अडकलेलं होतं. पिवळ्या पट्ट्यांचे छोटे मासे होते, वीस-पंचवीस, सगळे एकदम वळायचे. एक काळा, काकडीसारखा लांबट प्राणी वाळूत पडलेला. दिगंबररावांनी मला तो बोटाने दाखवला होता.

“त्याइनं दाखवला?”

“हो. माझं लक्ष नव्हतं.”

“म्हंजे फार काही नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“नाही. फार काही नव्हतं.”

पलीकडे भांड्याचा आवाज आला, कुणीतरी गाईला हाक मारत होतं. मला वाटलं, फोन ठेवला.

“पाणी थंड होतं काय जी?”

“नाही, ताई. कोमट होतं. बाहेर वारा थंड होता, पण पाणी कोमट होतं.”

“हं,” त्या म्हणाल्या. “मंग बरं झालं.”

आणि त्यांनी फोन ठेवला.